भूमी, काटा आणि पादत्राण : बारामती–इंदापूर परिसरातील धावण्याच्या इतिहासाची एक बाजू

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागातील बारामती व इंदापूर या तालुक्यांचा इतिहास आजवर जहागिरी, कालवे आणि साखर कारखाने यांच्या अनुषंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. त्या भूमीवरून चालणाऱ्या व धावणाऱ्या माणसाच्या पायांत काय होते, हा प्रश्न मात्र गौण मानला गेला. सांप्रत महाराष्ट्रात रानवाटांवरून धावण्याचा छंद वाढत आहे, आणि त्यासाठी बूट निवडताना ‘जमीन कोणती?’ असे प्रथम विचारले जाते. हा प्रश्न परदेशी कारखानदारांनी निर्माण केला, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे; परंतु ती खरी नव्हे. या अवर्षणप्रवण प्रदेशात पादत्राणाची निवड पूर्वापार भूमीवरूनच होत आली. नव्हते ते केवळ धावण्याचे पादत्राण. आणि ते का नव्हते, हा खरा विचारणीय मुद्दा होय.

प्रथम भूमीचा विचार केला पाहिजे. बारामतीजवळून कऱ्हा वाहते, दक्षिणेस नीरा व इंदापूरच्या उत्तर-पूर्वेस भीमा अशी या प्रदेशाची सीमा असून नीरा-नरसिंहपूर येथे या दोन नद्यांचा संगम होतो. नदीकाठी खोल काळी जमीन आणि तिथून वर चढावे तसा मुरूम, उघडा खडक व माळरान, असा हा क्रम आहे. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व तिची ढेकळे दगडाप्रमाणे पायास लागतात. पावसाळ्यात तीच इतकी चिकट होते की दहा पावलांत तळाखाली चिखलाचा दुसरा तळ तयार होतो. मुरमावर पाय रुततो कमी व घसरतो अधिक. माळावर कुसळी गवत, सराटे आणि बोरी-बाभळींचे काटे. बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर अभयारण्य व इंदापूर तालुक्यातील कडबनवाडीचे गवताळ रान ही या माळरानाची आजही टिकून राहिलेली रूपे होत. तेथे चिंकारा आढळतो.

या नैसर्गिक भूमीत मनुष्याने एका नव्या भूमीची भर घातली. १८७६–७७ च्या दुष्काळानंतरच्या काळात नीरा डाव्या कालव्याचे काम होऊन १८८५ च्या सुमारास बारामती–इंदापूरकडे पाणी वाहू लागले. पाण्याबरोबर ऊस आला, आणि निचरा न होणाऱ्या जागी क्षार वर येऊन जमीन चोपण होऊ लागली. हॅरल्ड मान आणि तम्हाणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींचा अभ्यास १९१० मध्येच प्रसिद्ध केला होता. शेतकीच्या दृष्टीने तो प्रश्न सर्वपरिचित आहे. पायांच्या दृष्टीने सांगावयाचे तर चोपण जमीन वाळली म्हणजे तिच्यावर कठीण पापुद्रा धरतो आणि ओली झाली म्हणजे साबणासारखी निसरडी होते. एकाच शिवारात, मैलाच्या आत, चार स्वभावांची जमीन पायाखाली येते ती अशी.

या भूमीवर जे पादत्राण रूढ झाले ते वहाण होय. हा शब्द संस्कृत ‘उपानह्’ पासून आला. गावचा चर्मकार बलुतेदार या नात्याने शेतकऱ्याच्या वहाणा, आसूड व मोटेचे चामड्याचे काम पाही आणि त्याबद्दल सुगीला धान्य घेई. कातडे कमावण्यास बाभळीची साल वापरीत. ज्या झाडाच्या काट्यापासून पायाचे रक्षण करावयाचे, त्याच झाडाच्या सालीने ते रक्षण करणारे चामडे टिकाऊ होत असे, ही गोष्ट मौजेची खरी. बाभळीचा काटा दोन इंचांहूनही लांब असू शकतो. म्हणून माळावर मेंढरे घेऊन हिंडणाऱ्या धनगराची वहाण जाड, अनेक पदरी तळाची व अवजड असे. चिखलाच्या दिवसांत शेतकरी ती काढून ठेवीत असे, कारण भिजलेले चामडे फुगते, शिवण सुटते आणि वाळल्यावर तळ वाकडा होतो. मोटारी आल्यानंतर जुन्या टायरच्या तुकड्यांच्या वहाणा निघाल्या. त्यांच्यातून काटा सहसा आरपार जात नाही व पाण्याचेही त्यांना भय नाही. उन्हात त्या तापतात हा दोष मात्र मोठा. नीरेपलीकडील सोलापूर जिल्हा कोल्हापुरी चपलेच्या २०१९ च्या भौगोलिक मानांकनात समाविष्ट आहे, अलीकडील पुणे जिल्हा नाही. कारागिरीच्या परंपरा मात्र नदीच्या पात्रापाशी थांबत नसतात.

वहाणेच्या रचनेत एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. अंगठा व पट्टा यांनी पायाचा पुढील भाग धरला जातो, टाच मोकळी राहते. चालण्यास हे सोयीचे, कारण आत गेलेला खडा झटकन बाहेर पडतो. धावू लागताच मात्र टाच वहाणेपासून सुटते, तळ आपटतो, आणि वळणावर पाय बाजूस सरकतो. म्हणून धावावयाचे झाल्यास वहाण काढून हातात घेणे अथवा टाकून देणे, हीच रीत होती. चालण्याचे पादत्राण भूमीनुसार बदलले, पण धावणे अनवाणीच राहिले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अनवाणी धावण्याचे हे यांत्रिक कारण पुरेसे नाही. अनेक गावी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील माणसाने सवर्णांच्या वस्तीतून पायांत वहाणा घालून जाऊ नये असा दंडक होता. जो चर्मकार गावासाठी वहाणा शिवी, त्यालाही तो चुकत नसे. ग्रामीण स्त्रियांचे आयुष्य तर विसाव्या शतकात बरेच पुढेपर्यंत अनवाणीच गेले. तेव्हा पायांत काही नसणे ही काहींची सवय होती, काहींची श्रद्धा होती, आणि पुष्कळांवर ती लादली गेली होती. या तिन्ही गोष्टी एकाच सदरात टाकणारे लेखन वाचकाची दिशाभूल करते.

श्रद्धेचे उदाहरण याच प्रदेशात दरवर्षी दिसते. देहूहून निघणारा तुकाराममहाराजांचा पालखी सोहळा, ज्याची सुरुवात महाराजांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये केली असे मानले जाते, बारामतीनंतर काटेवाडी, सणसर, बेलवाडी, इंदापूर, सराटी असा मार्ग क्रमतो. काटेवाडीस परीट समाज पालखीपुढे धोतरांच्या पायघड्या घालतो व मेंढ्यांचे रिंगण होते. बेलवाडीस सोहळ्यातील पहिले गोल रिंगण होते, दुसरे इंदापुरास. अश्वांबरोबरच पताकाधारी, तुळशीवृंदावन डोक्यावर घेतलेल्या स्त्रिया व वीणेकरीही रिंगणात धावतात. सराटीस पादुकांना नीरास्नान घडते व सोहळा अकलूजकडे जातो. आषाढातील ओलसर मैदानावरील ही धाव अनवाणी होते ती रिंगणाच्या पावित्र्यामुळे. ती अशा मऊ भूमीवर होते की तेथे पादत्राणाची उणीवही भासत नाही. तथापि मैदानाबाहेरील रस्त्यावर तेच वारकरी चपला घालून चालतात.

लादलेल्या अनवाणीपणाकडे कौतुकाने पाहण्याची चूक थोरांकडूनही झाली आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावरील शर्यती पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले व त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय खेळाडू गेले, हा इतिहास प्रसिद्ध आहे. टाटांनी १९२९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांस लिहिलेल्या पत्रात त्या शर्यतींचे वर्णन केले. शेतकरी वर्गातील मुले, साधे अन्न, कच्चे रस्ते व अनवाणी पाय, आणि तरीही सुमारे २५ मैलांची शर्यत समाधानकारक वेळात पुरी करणारे धावक, असे ते चित्र आहे. अँटवर्पच्या मॅरेथॉनमध्ये बेळगावचे फडेप्पा चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. टाटांचे निरीक्षण अचूक होते आणि त्यांनी या धावकांसाठी जे केले तेही मोठेच. परंतु अनवाणी धावणे भारतीयास स्वाभाविक आहे, असा निष्कर्ष त्यावरून काढल्यास तो मान्य करता येत नाही. स्वाभाविक म्हणावयाचे तर पर्याय उपलब्ध असला पाहिजे. १९६० मध्ये रोम येथे इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून मॅरेथॉन जिंकला, याचे दाखले पुष्कळ दिले जातात. १९६४ मध्ये टोकियो येथे तोच धावक बूट घालून तीन मिनिटांहून अधिक वेगाने धावला, हे सांगण्याचे बहुधा राहून जाते.

बारामतीत या प्रश्नाने अलीकडेच मनुष्यरूप धारण केले. २०१३ मध्ये तेथील शरद मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या गटात लता भगवान करे या नऊवारी लुगड्यात, अनवाणी धावून पहिल्या आल्या. साठी ओलांडलेल्या व शेतमजुरी करणाऱ्या या बाई पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी बक्षिसाची रक्कम मिळावी म्हणून धावल्या होत्या. पुढे त्यांच्या जीवनावर २०२० मध्ये चित्रपट आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केले, व सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याची विशेष दखल घेतली गेली. त्या विजयाची छायाचित्रे पाहणाऱ्यांस अनवाणी पाय शौर्याचे चिन्ह वाटले. वस्तुतः डांबरी रस्त्यावरील ती धाव भूमीची निवड नव्हती व पादत्राणाचीही नव्हती.

आता जे बूट बाजारात येतात, त्यांनी वहाणेची मूळ अडचण सोडविली आहे, म्हणजे टाच घट्ट धरली आहे. उरलेले प्रश्न जुनेच होत. मुरूम व खडकाळ वाटेस तळाचे दाते तीन-चार मिलिमीटरचे व दाट पुरतात. चिखलास ते पाच-सहा किंवा अधिक मिलिमीटरचे आणि विरळ लागतात, म्हणजे माती त्यांच्यामध्ये अडकून न बसता गळून पडते. मऊ रबर ओल्या खडकावर चांगले धरते, पण डांबरावर लवकर झिजते. पाटस–बारामती–इंदापूर या पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची व त्याच्या कडेने वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाटेची पायाभरणी २०२१ मध्ये झाली. अशा बांधीव वाटेवर खोल दात्यांचा बूट निरुपयोगीच नव्हे तर त्रासदायक होय. काट्यासाठी काही बुटांच्या तळात कठीण पत्रा घालतात. तो टोकदार दगडाचा मार अडवितो, पण सर्व बाजूंस पोहोचत नसल्याने बाभळीचा काटा कडेने शिरतो. या बाबतीत टायरची वहाण अजूनही सरस आहे. हवा खेळावी म्हणून वरचे कापड जाळीदार करतात, त्यात कडबनवाडीसारख्या रानातील कुसळे रुततात आणि मोज्यापर्यंत पोहोचतात. तेथे घट्ट विणीचे कापड व घोट्यावर पट्टी बांधणे हाच मार्ग. जे बूट सह्याद्रीतील पावसाळी उतारांसाठी उत्तम ठरतात ते या माळावर तितके उपयोगी पडत नाहीत, कारण येथे पाऊस थोडा व काटा फार.

काळ्या जमिनीपुढे मात्र हे सर्व उपाय तोकडे पडतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर नीरेकाठच्या पाणंदीत दात्यांची खोली कितीही असो, ते काही पावलांतच बुजून जातात, बूट जड होतात, आणि धावणारा अखेर ते काढून हातात घेतो व शेतकऱ्याप्रमाणे बांधाच्या कडेने, गवतावर पाय टाकीत पुढे जातो.