तीन वर्षांचा न स्वीकारलेला पगार

१/ साल १८८५. कलकत्त्याच्या सरकारी प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे एक तरुण प्राध्यापक नेमाने तास घेत, पण पगार घेत नसत. ते होते जगदीशचंद्र बोस. ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेली असते. तिचा उत्तरार्ध मात्र क्वचितच सांगितला जातो. आजचा धागा त्याविषयी.

२/ आधी तक्रार समजून घेऊ. त्या काळी युरोपीय प्राध्यापकाच्या वेतनाच्या दोन-तृतीयांश रक्कम त्याच दर्जाच्या भारतीयास मिळे. बोस यांची नेमणूक हंगामी, म्हणून त्याचेही निम्मे. काम तेच, वर्ग तेच, विद्यार्थी तेच. वेतन मात्र एक-तृतीयांश.

३/ मुळात त्यांच्या नेमणुकीलाच विरोध होता. व्हाइसरॉय रिपन यांची शिफारस असूनही शिक्षणसंचालक आल्फ्रेड क्रॉफ्ट आणि प्राचार्य टॉनी अनुकूल नव्हते. भारतीय मनुष्य विज्ञानासारखा विषय शिकवू शकेल, यावरच अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता.

४/ बोस यांनी नोकरी सोडली नाही, पण अन्यायाचा पगारही स्वीकारला नाही. घरी वडिलांचे कर्ज होते, तरीही तीन वर्षे हा निषेध चालला. अखेर त्यांना कायम करण्यात आले आणि नेमणुकीच्या दिवसापासूनचे पूर्ण वेतन एकरकमी मिळाले. त्यातून कर्ज फिटू लागले.

५/ शाळेतली गोष्ट इथे संपते. पण १८८९ साली त्याच कॉलेजात प्रफुल्लचंद्र राय रुजू झाले. एडिनबरोची डी.एस्सी. मिळवून परतलेले हे रसायनशास्त्रज्ञ वर्षभर नोकरीविना होते; काही काळ बोस यांच्याच घरी राहिले. वेतन ठरले दरमहा २५० रुपये, तेही हंगामी. दाद मागायला गेल्यावर क्रॉफ्टसाहेबांच्या बोलण्याचा आशय असा, की ही जागा घेण्याची सक्ती तुमच्यावर कोणी केलेली नाही.

६/ म्हणजे एका माणसाचा पगार सुधारला, नियम सुधारला नाही. उलट १८९६ साली तो अधिक पक्का झाला. वरची शिक्षणसेवा इंग्लंडमध्ये भरली जाणार, खालची प्रांतिक सेवा इथे. भारतीयांच्या वाट्याला बहुधा दुसरीच.

७/ आपल्याकडेही हेच घडले होते. एल्फिन्स्टन कॉलेजात संस्कृतचे प्राध्यापकपद रा. गो. भांडारकर हंगामी म्हणून सांभाळत होते. १८७०च्या दशकात कायम जागा मिळाली पीटर पीटरसन यांना. पुढे भांडारकर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात प्राध्यापक झाले, १८९३ साली मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही. पण तोवर उमेदीची वर्षे सरली होती.

८/ १९१२ साली सरकारी नोकऱ्यांसंबंधी रॉयल कमिशन नेमले गेले. त्यापुढे बोस आणि राय या दोघांनीही साक्ष दिली. पहिल्या निषेधाला तोवर पाव शतक उलटून गेले होते.

९/ बोस यांचे धैर्य निर्विवाद आहे. परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने आणखी एक प्रश्न विचारावा: तक्रार करणाऱ्याला न्याय मिळाला, की तक्रारीला? प्रेसिडेन्सी कॉलेजात पहिले घडले. दुसऱ्याची वाट राय यांना पुढेही पाहावी लागली.