एडिंबरोची आजीबाई

रीफ टाकीत आयप्टेशिया हे समुद्रफूल पसरलं की माझे मित्र हवालदिल होतात. तळव्याचा जरासा तुकडा खडकाला चिकटून राहिला, तरी त्यातून नवं उगवतं! मला मात्र ‘ग्रॅनी’ नावाचं दुसरं एक समुद्रफूल आठवतं. १८२८ साली सर जॉन डॅलियेल यांनी नॉर्थ बर्विकच्या खडकांवरून हे समुद्रफूल उचललं आणि काचेच्या बरणीत पाळलं. ना पंप, ना दिवे. समुद्राचं पाणी बदलायचं, अधूनमधून शिंपल्यातलं मांस भरवायचं, बस्स. १८५१ मध्ये डॅलियेल वारले. ग्रॅनी फ्लेमिंग, मॅकबेन असे पालक बदलत अखेर एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात पोहोचली. मधेच, १८५७ मध्ये, म्हातारीने एका रात्रीत दोनशेहून जास्त पिल्लं तोंडावाटे बाहेर टाकली. ती मेली १८८७ मध्ये.