पाद्र्याने लावलेली वेल

न्यूझीलंडच्या वाइनचा आज जगभर बोलबाला आहे. पण तिथल्या द्राक्षवेलीचा मूळपुरुष कोणी मळेवाला नव्हता. सॅम्युअल मार्सडेन हा अँग्लिकन पाद्री. २५ सप्टेंबर १८१९ रोजी त्याने केरीकेरीच्या मिशनच्या जागेत सुमारे शंभर वेली लावल्या. न्यूझीलंडमधल्या द्राक्षलागवडीची ही पहिली नोंद, तीही त्याच्याच रोजनिशीतली. इथली माती आणि हवा द्राक्षाला मानवेल, असा त्याचा होरा होता.

मार्सडेन मूळचा यॉर्कशायरचा. १७९४ मध्ये तो न्यू साउथ वेल्सच्या कैदी वसाहतीत आला आणि सिडनीजवळच्या पॅरामॅटात स्थिरावला. रविवारी प्रवचन द्यायचे आणि एरवी न्यायाधीश म्हणून शिक्षा ठोठावायच्या, असा दुहेरी कारभार. कैद्यांना फटक्यांची शिक्षा देण्यात त्याचा हात इतका सढळ, की त्याची ही दुष्कीर्ती आजही पुसलेली नाही. मात्र मेंढपाळ म्हणून तो जाणता होता. १८०७ मध्ये स्वतःच्या मेंढ्यांची लोकर घेऊन तो इंग्लंडला गेला, तेव्हा तिसऱ्या जॉर्ज राजाने खूश होऊन त्याला मेरिनो मेंढ्या दिल्या.

आधी शेती आणि कारागिरी, मग शुभवर्तमान, हे त्याचे सूत्र. ज्या चर्च मिशनरी सोसायटीने पुढे नाशिकजवळ शरणपूर वसवले, तिच्याच वतीने त्याने न्यूझीलंडची मोहीम आखली. १८१४ च्या नाताळात त्याने रंगीहोआत प्रवचन दिले, तेव्हा दुभाषा होता माओरी सरदार रुआतारा. पॅरामॅटात मार्सडेनकडे राहून तो गहू पिकवायला शिकला होता. त्याच्या गावकऱ्यांनी गव्हाची कोवळी रोपे उपटून मुळाशी रताळ्यासारखे काही लागले आहे का, ते पाहिले होते! गव्हाचे पीठ होते, हे त्यांना पटले ते जात्यावर दळून भाकरी भाजल्यावरच.

केरीकेरीची वस्ती हाँगी हिका या सरदाराच्या आश्रयाने उभी राहिली. सूत्रातला दुसरा भाग मात्र रेंगाळला. पहिला माओरी बाप्तिस्मा १८२५ मध्ये झाला.

मार्सडेनच्या द्राक्षांची वाइन झाल्याची नोंद नाही. तो मान वैतंगीच्या जेम्स बस्बीचा. १८४० मध्ये त्याची हलकी पांढरी वाइन फ्रेंच दर्यावर्दी द्युमों द्युर्विलने चाखली आणि तिची तारीफ लिहून ठेवली.

आज या धंद्याचे केंद्र उत्तरेकडच्या केरीकेरीत नसून दक्षिण बेटावरच्या मार्लबरोत आहे. तिथली मोठी लागवड १९७३ पासूनची.