सांडपाण्यातून विषाणूचा माग

मुंबई : देवनार, गोवंडी, शिवाजीनगर हा महापालिकेच्या एम-पूर्व विभागातील दाट वस्तीचा पट्टा. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात साध्या तापासाठी कोणी प्रयोगशाळेची पायरी चढत नाही. ज्याची तपासणीच होत नाही, त्याची नोंद सरकारी आकडेवारीत होणार कशी? शौचालयातून वाहणारे पाणी मात्र सर्वांचा हिशेब ठेवते. त्या पाण्यातील विषाणूंची जनुकीय रचना वाचून वस्तीत काय फिरते आहे, हे ओळखता येते. मुंबईला ही पद्धत कोरोनाच्या बऱ्याच आधीपासून परिचित आहे.

लसीकरण चांगले असूनही १९९९ व २००० मध्ये शहरात पोलिओचे तीन रुग्ण आढळले. त्यानंतर परळच्या एंटरोव्हायरस संशोधन केंद्रातील डॉ. जगदीश देशपांडे व सहकाऱ्यांनी तीन झोपडपट्टी भागांतील सांडपाणी दर आठवड्याला तपासण्यास सुरुवात केली. २००१ मध्ये १३७ पैकी ३५ नमुन्यांत टाइप १, तर एका नमुन्यात टाइप ३ पोलिओ विषाणू सापडला. त्या वर्षी शहरात पोलिओचा रुग्ण मात्र एकच नोंदला गेला, आणि त्याच्या तीन महिने आधीच विषाणू सांडपाण्यात दिसला होता. यात नवल नाही. लागण झालेल्या सुमारे २०० जणांपैकी एखाद्यालाच लुळेपणा येतो; उरलेल्यांच्या विष्ठेतून विषाणू गुपचूप बाहेर पडत राहतो.

खरी कामगिरी त्यापुढची होती. पोलिओ विषाणूच्या जनुकांत वर्षाला साधारण एक टक्का बदल होतो. त्यामुळे दोन नमुन्यांतील फरकावरून त्यांचे नाते व ते किती जुने, हे सांगता येते. मुंबईत सापडलेल्या विषाणूंचे नाते शहरातील आधीच्या रुग्णांशी जुळले नाही. ते उत्तर प्रदेशातील चार वंशांशी जुळले. विषाणू बाहेरून पुनःपुन्हा येत होता आणि काही काळ फिरून नाहीसा होत होता.

मे २०२० मध्ये मुंबईच्या सांडपाण्यात कोरोना विषाणूचा आरएनए आढळला. पुढे पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सांडपाण्यातूनच ओमायक्रॉनच्या प्रकारांचा माग काढला. येथे काम अधिक किचकट. एकाच नमुन्यात अनेक रुग्णांच्या विषाणूंचे तुटके तुकडे मिसळलेले असतात; कोणत्या प्रकाराचा वाटा किती, याचा संगणकाद्वारे केवळ अंदाज बांधता येतो.

देवनारसारख्या भागात प्रश्न नमुना कोठून घ्यायचा, हाच आहे. अनेक गल्ल्यांचे पाणी मलवाहिनीत न जाता उघड्या नाल्यातून थेट खाडीकडे वाहते. केवळ प्रक्रिया केंद्रावर नमुने घेतले, तर या वस्त्या त्यातून सुटतात. नाल्यावर घेतले, तर पावसाळ्यात विषाणू इतका विरळ होतो की तो हाती लागेलच याची खात्री नसते. शिवाय नमुन्यावरून ना घर कळते, ना रुग्ण. विषाणू आढळल्यावर तो शोधायला गल्लीत जावे लागते ते आरोग्यसेविकेलाच.