वेसकराची भाकर आणि धम्मदीक्षा

विहाराच्या वर्धापनदिनाची स्मरणिका हाती घेतली की १४ ऑक्टोबर १९५६ चा नागपूरचा सोहळा डोळ्यांपुढे उभा राहतोच. पांढऱ्या कपड्यांतला तो लाखोंचा जनसागर, पूज्य भिक्खू चंद्रमणी, आणि स्वतः दीक्षा घेऊन मग आपल्या लोकांकडून बावीस प्रतिज्ञा वदवून घेणारे बाबासाहेब. त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण त्या दिवशी आपण काय घेतले हे जितक्या हौसेने सांगतो, तितक्या हौसेने काय सोडले हे सांगत नाही. फार तर देव सोडले म्हणतो. आमच्या मते देव सोडणे त्यामानाने सोपे होते. देवाने आम्हाला दिले होते काय, की त्याच्यावाचून अडावे? सोडायला जड गेली ती वेसकराची भाकर.

नव्या पिढीला वेसकर हा शब्दही नीट ठाऊक नाही, म्हणून थोडे सांगतो. गावच्या वेशीची राखण, चावडीवर लोकांना बोलावणे, सरकारी कागद आणि सारा तालुक्याला पोचवणे, मयताचा सांगावा परगावी नेणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, मेलेले ढोर ओढणे, ही सारी कामे महाराची. कामाला वेळकाळ नाही. घरातला पुरुष हजर नसेल तर बापाला धरून नेत, कुणालाही नेत. त्या बदल्यात काय? इनामी जमिनीचा तुकडा, खळ्यावरचे बलुते आणि संध्याकाळी दारोदार हाक मारून गोळा केलेल्या भाकरी.

आणि याला आपले पूर्वज हक्क म्हणत! बावन्न हक्क. बेदरच्या पातशहाने महाराला सनद दिली अशी कथा वाडवडील छाती फुगवून सांगायचे. इथेच खरी मेख आहे. नुसता अपमान असता तर माणसाने तो कधीच झुगारला असता. पण अपमानाला मानाचे नाव दिले, वर जमिनीचा तुकडा जोडला, की माणूस स्वतःच्याच बेडीला धरून बसतो. तुकडाही कसला? सगळ्या भाऊबंदांत वाटून वाटून एकेकाच्या वाट्याला बैल फिरवण्याइतकीही जागा राहीना. तरी वतन सोड म्हटले की माणूस कळवळायचा.

बाबासाहेबांनी हे फार लवकर ओळखले. १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मधून त्यांनी वतनावर आसूड ओढले. १८७४ च्या वतन कायद्याने महार झाला सरकारचा नोकर, पण मजुरी मात्र गावच्या रयतेने बलुत्यातून द्यायची. म्हणजे दोन धनी आणि पगार कुणाचाच नाही. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी हा कायदा बदलण्यासाठी विधेयक आणले. ते पुढे मागे घ्यावे लागले. मात्र रस्त्यावरचे काम थांबले नव्हते. महाडच्या परिषदेपासून मेलेले ढोर ओढू नका, मृतमांस खाऊ नका, उष्टे मागू नका हा संदेश गावोगाव गेला आणि लोकांनी तो पाळला. मग बहिष्कार आले, वाटा अडवल्या, दुकाने बंद झाली. नागपूरला १५ ऑक्टोबर १९५६ च्या भाषणात बाबासाहेबांनी एका जुन्या वादाची आठवण सांगितली होती. ढोरे ओढणे सोडल्याने महारांचा कातडे-शिंगे-हाडांचा केवढा तोटा होतो याचा हिशेब कुणी वर्तमानपत्रात मांडला होता. बाबासाहेबांचे उत्तर असे की, एवढा फायदा असेल तर तो तुम्हीच घ्या ना!

गाव सोडून मुंबईला आलेल्यांची सुटका झाली असे कुणी समजू नये. गिरणीत त्रासन खात्यात आमच्या माणसांना काम मिळे, पण साचेखात्यात नाही, आणि पगार चांगला तो साचेखात्यात. कारण काय, तर कांडी संपली की नव्या कांडीचा धागा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. यंत्र विलायतेचे, वाफ इंग्रजाची, विटाळ मात्र गावचा! १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला, तेव्हा लाल बावट्यालाही घाम फुटला.

येवल्याची घोषणा १९३५ ची. पुढच्या वर्षी, जून १९३६ मध्ये, परळच्या दामोदर हॉलमध्ये बाबासाहेब मुरळ्या, जोगतिणी, देवदासी अशा भगिनींपुढे बोलले. हा धंदा सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मग पोट कसे भरायचे, हे तुम्ही विचाराल. ते मी सांगणार नाही, मार्ग शेकडो आहेत, पण हे जिणे आधी सोडा, असा त्यांचा आशय होता. आम्हाला हे भाषण नेहमी कठोर वाटते आणि तितकेच खरेही वाटते. पर्यायी भाकर हातात आल्यावर जुनी सोडू म्हणणारा ती कधीच सोडत नाही.

वतने कायद्याने गेली ती धर्मांतरानंतर, १९५९ साली. मुंबई सरकारच्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने खालसा झाली आणि जमीन हवी असेल त्याने आकारणीच्या पटीत रक्कम भरून ती परत घ्यायची असे ठरले. कित्येकांकडे तेवढे पैसे नव्हते. भूमिहीनांच्या सत्याग्रहात दादासाहेब गायकवाडांमागे माणसे उगाच लोटली नव्हती.

सोडण्याचा दुसरा प्रसंग कागदावरचा. बौद्ध लिहिले की अनुसूचित जातीच्या सवलती जायच्या, कारण १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश. पोराची शिष्यवृत्ती, नोकरी, सगळे पणाला. तरी १९६१ च्या जनगणनेत काय झाले पाहा. १९५१ मध्ये सबंध भारतात बौद्ध सुमारे १ लाख ८० हजार होते, ते १९६१ मध्ये साडेबत्तीस लाख झाले, आणि त्यातले जवळपास २८ लाख एकट्या महाराष्ट्रातले. महाराष्ट्र राज्याने १९६० मध्ये आपल्यापुरत्या सवलती दिल्या, केंद्राने मात्र १९९० उजाडेपर्यंत वाट पाहायला लावली. चौतीस वर्षे! त्या काळात कुणी ऑफिसच्या फॉर्मवर जुनी जात लिहिली असेल, तर आम्ही त्याला बोल लावणार नाही. चूल त्यालाही पेटवायची होती. पण ज्यांनी तोटा पत्करून ‘बौद्ध’ लिहिले, त्यांची नावे कुठल्या संगमरवरी पाटीवर नाहीत, हे खटकते.

आणि आज? त्रिसरण-पंचशील म्हणून लग्न लावतो, पण सोयरीक जुळवताना पोटजात हळूच विचारतो. असो, या विषयावर विहाराच्या सभेत भांडण झाले आहेच, इथे पुन्हा नको.

एक विनंती करून थांबतो. आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांत ट्रंकेच्या तळाशी वतनाचे उतारे, रकमेच्या पावत्या, दीक्षेच्या वेळचे फोटो, जुन्या ‘प्रबुद्ध भारत’चे अंक पडून आहेत. पावसाळ्यात ते भिजतात, मग रद्दीत जातात. रविवारी वंदनेनंतर ते विहारात आणावेत. झेरॉक्स काढून मूळ कागद त्याच दिवशी परत दिला जाईल. घरात जे वृद्ध आहेत त्यांना सोबत आणावे, कारण मोडीतले कागद वाचणारे आता तेच उरलेत.