मक्ता, दुकान आणि नोंदवही : नेटवर्क सोल्युशन्सची कथा (थ्रेड)

१/ सप्टेंबर १९९७. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या नेटवर्क सोल्युशन्स या कंपनीचा शेअर १८ डॉलर दराने नॅसडॅक बाजारात आला. कंपनीचा मुख्य धंदा, डोमेन नावांची नोंदणी. आणि ज्या सरकारी करारावर तो उभा होता त्याची मुदत पुढच्याच वर्षी संपत होती. तरीही लोकांनी शेअर घेतले. का घेतले?

२/ १९९३ पासून नॅशनल सायन्स फाउंडेशनच्या करारान्वये डॉट कॉम, डॉट नेट आणि डॉट ऑर्ग नावांची नोंद हीच कंपनी ठेवत असे. प्रारंभी नाव फुकट मिळे. सप्टेंबर १९९५ पासून दोन वर्षांसाठी १०० डॉलर आकारले जाऊ लागले. डॉट कॉम हवे तर दुसरे दार नव्हते. मराठीतला ‘मक्तेदारी’ हा शब्द मक्त्यावरूनच आला आहे. येथे तो अक्षरशः लागू पडतो.

३/ तक्रारी वाढल्या. १९९८ मध्ये आयकॅन ही संस्था स्थापन झाली, आणि त्याच ऑक्टोबरात सरकारने करारात दुरुस्ती करून कंपनीला आपली यंत्रणा प्रतिस्पर्ध्यांसाठी खुली करण्यास भाग पाडले. एप्रिल १९९९ मध्ये पाच नवे नोंदणीकर्ते निवडले गेले. रजिस्टर डॉट कॉम आणि ऑस्ट्रेलियाची मेलबर्न आयटी ही त्यांतली नावे.

४/ स्पर्धा आली म्हणजे कंपनी बुडाली, असे वरवर वाटते. परंतु कंपनीत वस्तुतः दोन धंदे एकत्र नांदत होते. एक दुकान : ग्राहकाला वर्षाला ३५ डॉलरला नाव विकणारे. दुसरी नोंदवही : कोणते नाव कोणाचे, याची एकमेव अधिकृत यादी. नवे स्पर्धक आले ते केवळ दुकानासमोर. त्यांनी विकलेल्या प्रत्येक नावामागे वर्षाला आधी ९ आणि पुढे ६ डॉलर नोंदवहीच्या मालकाला द्यावे लागत. दुकानाचा भाव पडणे अटळ होते. पण स्वस्ताईमुळे नावे वाढली, तर नोंदवहीचे उत्पन्नही वाढणार होते. हिशेब कळायला एवढे पुरेसे होते. बाजाराने मात्र दोन्हींना मिळून एकच, आणि अवाच्या सवा, किंमत लावली.

५/ ७ मार्च २००० रोजी व्हेरिसाइनने सुमारे २१ अब्ज डॉलरच्या शेअरच्या बदल्यात ही कंपनी घेण्याचे जाहीर केले. तीनच दिवसांनी नॅसडॅकने शिखर गाठले. मग घसरण सुरू झाली. २००१ मध्ये व्हेरिसाइनला एकाच तिमाहीत जवळपास १० अब्ज डॉलरचे गुडविल वहीतून पुसावे लागले.

६/ २००३ मध्ये दुकान सुमारे १० कोटी डॉलरला विकले गेले. ‘२१ अब्जांचे १० कोटी झाले’ असे अनेकदा सांगितले जाते, ते चूक आहे. विकले गेले फक्त दुकान. डॉट कॉमची नोंदवही व्हेरिसाइनने स्वतःकडेच ठेवली, आणि दुकानाच्या नव्या मालकालाही प्रत्येक नावामागे वर्षाला ६ डॉलर तिथेच भरावे लागले.