क्रिकेटचं मैदान चिखलात गेलं की मुंबईच्या बेटावर रग्बी सुरू होतं, बॉम्बे जिमखान्याची गोष्ट

रग्बी म्हटलं की आपल्याला काय आठवतं? लांबट अंड्यासारखा बॉल, धिप्पाड गडी, आणि मॅचआधी मांड्या थोपटत हाका करणारा न्यूझीलंडचा संघ. इन्स्टावर ते रील आपण सगळ्यांनीच बघितलंय. पण हा खेळ महाराष्ट्रात गेली कित्येक दशकं खेळला जातोय, आणि तोही एका बेटावर, हे सांगितलं तर आमच्या यवतमाळात तरी दहातले नऊ जण विश्वास ठेवणार नाहीत.

बेट कुठलं? तर मुंबई.

आता तुम्ही म्हणाल, मुंबई कसलं बेट, लोकल तर थेट विरारपर्यंत जाते. खरंय. पण कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगाव, परळ, वरळी, माहीम आणि मधलं मुंबई अशी सात बेटं भराव टाकून जोडली, त्यातून आजचं दक्षिण मुंबई तयार झालं. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंतचा हा तुकडा 70 चौरस किलोमीटरच्या आतबाहेर भरतो. आपला यवतमाळ जिल्हा 13,582 चौरस किलोमीटरचा आहे. म्हणजे आपल्या जिल्ह्यात हे बेट जवळपास 200 वेळा बसेल. आणि रग्बीच्या एका मैदानाला साधारण 100 मीटर लांबी आणि 70 मीटर रुंदी लागते, वर दोन्ही टोकांना जास्तीची जागा वेगळीच. तेव्हा या गोष्टीत खरा प्रश्न खेळाडूंचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

बॉम्बे जिमखाना 1875 साली सुरू झाला. जिमखाना हा शब्दही आपल्याच मातीतला, 'गेंदखाना' या शब्दावरून तो आला असं मानतात. किल्ल्यासमोर तोफांच्या माऱ्यासाठी मोकळी ठेवलेली एस्प्लनेड नावाची मोठी जागा होती. आजचं आझाद मैदान हा तिचाच उरलेला भाग, आणि त्याच्या दक्षिण टोकाला जिमखाना आहे. क्रिकेटवाल्यांना हे मैदान वेगळ्या कारणानं माहीत असतं. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर 1933 मध्ये इथंच झाली आणि लाला अमरनाथांनी भारताचं पहिलं कसोटी शतक, 118 धावा, इथंच ठोकलं.

सुरुवातीला हा क्लब फक्त गोऱ्यांचा होता. त्यांचं पोलो शेजारच्या सार्वजनिक मैदानावर चालायचं, आणि घोड्यांच्या टापांनी जमीन अशी उखडायची की तिथं क्रिकेट खेळणाऱ्या पारशी आणि हिंदू पोरांना बॉलचा टप्पा कळायचा नाही. या पोरांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापुरजी सोराबजी यांनी 1897 मध्ये पारशी क्रिकेटचा इतिहास लिहिला, त्यात या भांडणाची सगळी हकीकत आहे. बेटावर मोकळी जागा कुणाची, हे भांडण तेव्हापासूनचं आहे.

पण भारतात रग्बी आलं ते आधी कलकत्त्याला. 1872 च्या नाताळच्या दिवशी तिथं इंग्लंडचे लोक एका बाजूला आणि स्कॉटलंड, आयर्लंड, वेल्सचे दुसऱ्या बाजूला अशी मॅच झाली. लगेच 1873 मध्ये कलकत्ता फुटबॉल क्लब उभा राहिला. पण उकाडा भयंकर, लष्कराची पलटण दुसरीकडे गेली, टेनिस-पोलोची चटक लागली, आणि क्लबातली फुकट दारू बंद झाल्यावर सदस्यही गळाले असं सांगतात. 1878 मध्ये क्लब गुंडाळायची वेळ आली. तेव्हा या लोकांनी भारी काम केलं. बँकेतले उरलेले चांदीचे 270 रुपये काढले, वितळवले आणि त्याचा चषक बनवून इंग्लंडच्या रग्बी संघटनेला पाठवून दिला. त्याला तीन नागांच्या आकाराच्या मुठी आहेत आणि झाकणावर हत्ती. तोच 'कलकत्ता कप'. 1879 पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही त्याच्यासाठी भिडतात. 1988 मध्ये दोन खेळाडूंनी मॅचनंतरच्या रात्री एडिंबराच्या रस्त्यावर तो चषकच बॉलसारखा खेळवला आणि चेपवून ठेवला, तो किस्सा वेगळा.

कलकत्त्याला जो उकाडा नडला, त्यावर मुंबईकरांनी पावसाळ्याचा उपाय काढला. जून ते सप्टेंबर क्रिकेटची खेळपट्टी झाकलेली असते, मैदान रिकामं असतं आणि जमीन मऊ असते. पडलं तर लागतही कमी. म्हणून मुंबईत रग्बीचा हंगाम पावसाचा. पोस्टल ग्राउंडावर पावसात फुटबॉल खेळलेल्या कुणालाही यातली गंमत समजावून सांगायची गरज नाही, फक्त आपली काळी माती बुटाला किलोभर चिकटते एवढाच फरक.

खेळ कसा असतो? थोडक्यात सांगतो. 15-15 खेळाडू, 40 मिनिटांचे दोन भाग. बॉल हातात घेऊन पळायचं, पण पास द्यायचा तो बाजूला किंवा मागंच, पुढं दिला की फाउल. समोरच्याच्या रेषेपलीकडे जाऊन बॉल जमिनीला टेकवला की 'ट्राय', त्याचे 5 गुण. मग लाथेनं बॉल खांबांमधून घातला तर आणखी 2. पेनल्टीचे 3. बाकी बॉल ज्याच्या हातात त्याला कंबरेला धरून लोळवायचं. ज्यानं कबड्डीत रेडरची कंबर धरलीय त्याला हे निम्मं येतंच, असं माझं ठाम मत आहे.

हौशी क्लब म्हणजे काय, हेही समजून घ्यायला पाहिजे. 1895 मध्ये उत्तर इंग्लंडच्या क्लबांनी कामगार खेळाडूंच्या बुडालेल्या मजुरीची भरपाई मागितली. ती नाकारली गेली, क्लब फुटले आणि त्यातून पुढं रग्बी लीग हा वेगळा खेळ झाला. रग्बी युनियननं मात्र पैसे न घेता खेळायचं तत्त्व पार ऑगस्ट 1995 पर्यंत धरून ठेवलं. बड्या देशांत आता खेळाडूंना पगार आहेत. पण स्कॉटलंडच्याही उत्तरेला शेटलंड बेटांवरचा क्लब असो नाहीतर मुंबईचा, खाली सगळा कारभार हौसेवरच चालतो. दिवसभर नोकरी, संध्याकाळी सराव. फक्त शेटलंडवाल्यांना मॅचसाठी समुद्र ओलांडावा लागतो आणि आपल्याकडच्या क्लबांना रेल्वे पकडावी लागते. 1924 पासून चालत आलेल्या अखिल भारतीय रग्बी स्पर्धेत मुंबई, कोलकाता, चेन्नईचे क्लब आणि लष्कराचे संघ एकमेकांना भेटत आलेत.

पण हौस परवडायला हवी ना. जिमखान्याचं सदस्यत्व ही सामान्य माणसाच्या आवाक्यातली गोष्ट नाही. कुंपणाच्या आत रग्बी, आणि बाहेर फॅशन स्ट्रीटचा फुटपाथ. त्या फुटपाथवर राहणारी पोरं सराव बघत उभी राहायची, ओरडून खेळाडूंना चढवायची. मॅथ्यू स्पेसी नावाचा ब्रिटिश माणूस तेव्हा एका ट्रॅव्हल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि इथं रग्बी खेळायचा. त्यानं या पोरांना आत खेळायला बोलावलं. खेळायला लागल्यावर पोरांच्या वागण्यात फरक पडतोय हे त्याला दिसलं. मग सुट्टीच्या दिवशी बस करून मुलांना शहराबाहेर न्यायला सुरुवात झाली. 1999 मध्ये त्यातूनच 'मॅजिक बस' ही संस्था उभी राहिली, जी आज देशभर खेळातून मुलांना शिकवायचं काम करते. मला विचाराल तर या मैदानाची सगळ्यात मोठी कमाई हीच. मैदान तेच होतं, गवतही तेच, गेट उघडायला तेवढी सव्वाशे वर्षं लागली.

भारताचा राष्ट्रीय संघ पहिली आंतरराष्ट्रीय मॅच खेळला तो थेट 1998 मध्ये. त्या संघात अभिनेता राहुल बोस होता, हो, तोच. 2021 पासून तो भारतीय रग्बी संघटनेचा अध्यक्ष झाला. 2016 पासून ऑलिम्पिकमध्ये सात-सात खेळाडूंचं रग्बी सेव्हन्स आलं. त्यात एक मॅच 14 मिनिटांत संपते आणि 15 तगडी माणसं गोळा करायची कटकट नसते. त्यामुळं शाळा-कॉलेजांनी हा प्रकार पटकन उचलला. ओडिशाची आदिवासी मुलं-मुली यात देशात पुढं निघून गेली.

महाराष्ट्राचं नाव घ्यायचं तर पुण्याच्या वाहबिझ भरूचाचं घ्यावं लागेल. ती फिजिओथेरपिस्ट. भारतीय महिलांचा 15 जणींचा संघ 2018 मध्ये सिंगापूरविरुद्ध पहिली आंतरराष्ट्रीय मॅच हरला. पुढच्याच वर्षी, जून 2019 मध्ये मनिलाला, तिच्या कप्तानीत याच सिंगापूरला 21-19 नं हरवून संघानं पहिला विजय मिळवला.

जून 2025 मध्ये मुंबईतच अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली. सहा संघ, परदेशी खेळाडू, टीव्हीवर मॅच. पहिला हंगाम चेन्नई बुल्सनं जिंकला, मुंबईच्या संघाचं नाव होतं मुंबई ड्रीमर्स. आणि हो, अंधेरी सातपैकी एकाही बेटात येत नाही, ती पलीकडच्या साष्टीत येते.